पुढे स्वतःचा ट्रक घ्यायचा असेल तर पहिली कंपनी कशी निवडावी? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेत सीडीएल (ट्रक चालवायचं व्यावसायिक लायसन्स) काढलेली किंवा काढायच्या तयारीत असलेली बरीच मराठी मंडळी हे प्रश्न विचारतात. बहुतेकांच्या मनात एकच गोष्ट असते: काही वर्षं कंपनीत काढायची आणि मग ओनर-ऑपरेटर (स्वतःच्या ट्रकचा मालक-चालक) व्हायचं. खालची सगळी उत्तरं एका ठाम मतावर उभी आहेत. पहिल्या कंपनीत दुसऱ्याच्या ट्रकवर, दुसऱ्याच्या डिझेलवर आणि दुसऱ्याच्या विम्यावर धंदा शिकून घ्यायचा असतो, आणि कंपनी निवडतानाही तेवढंच बघायचं असतं.

लायसन्स हातात आलं की थेट स्वतःचा ट्रक घेऊन सुरुवात का करू नये?

कायद्याची आडकाठी नाही. ३०० डॉलर फी भरून ऑपरेटिंग अथॉरिटीसाठी (भाड्याने माल वाहायच्या केंद्राच्या परवान्यासाठी) अर्ज करता येतो. गाडी अडते ती विम्यापाशी. साधा माल आंतरराज्य वाहून न्यायचा तर किमान ७,५०,००० डॉलरचा लायबिलिटी (दुसऱ्याच्या नुकसानभरपाईचा) विमा कायद्याने लागतो, आणि बहुतेक ब्रोकर (माल मिळवून देणारे दलाल) १० लाखांचा लायबिलिटी विमा आणि वर १ लाखाचा कार्गो (मालाचा) विमा मागतात. ड्रायव्हर नवा आणि अथॉरिटीही नवी असेल तर अनेक विमा कंपन्या दारातही उभं करत नाहीत. ज्या करतात त्यांचा हप्ता ऐकून घेरी येते. दोन वर्षांचा स्वच्छ अनुभव असला की तोच दरवाजा बराच उघडतो.

दुसरं कारण साधं आहे. पहिल्या वर्षात चुका होतातच. अंधाऱ्या यार्डात रिव्हर्स घेताना शेजारच्या ट्रेलरला आरसा लागतो, ‘पाचवं चाक’ (ट्रेलर जोडायची चकती) नीट लॉक झालं की नाही हे न बघता गाडी पुढे काढली जाते, डोंगराच्या उतारावर गिअर चुकतो. या चुका कंपनीच्या गाडीवर झाल्या तर सेफ्टी विभागाचं बोलणं ऐकावं लागतं. स्वतःच्या गाडीवर झाल्या तर गाडी गॅरेजमध्ये उभी आणि हप्ता चालू.

मग कंपनीत किती काळ काढावा?

एक वर्ष तरी हवंच, दोन असतील तर उत्तम. आणि शक्यतो एकाच ठिकाणी. ट्रक ड्रायव्हरच्या नोकरीच्या अर्जात १० वर्षांच्या नोकऱ्यांचा हिशोब द्यावा लागतो, आणि नवी कंपनी आधीच्या ३ वर्षांतल्या मालकांकडे तुमच्या अपघातांची चौकशी करते आणि ड्रग टेस्टची नोंद केंद्राच्या क्लिअरिंगहाउसमध्ये बघते. दर तीन महिन्यांनी कंपनी बदललेली दिसली की पुढचा मालक दहादा विचार करतो, आणि विमा कंपनीही.

मोठी कंपनी बरी की लहान?

नवख्याला बहुधा मोठीच मिळते. लहान कंपनीच्या विम्यात एक-दोन वर्षांच्या अनुभवाची अट असते, त्यामुळे मालकाची इच्छा असूनही तो तुम्हाला घेऊ शकत नाही. मोठ्या कंपनीकडे ट्रेनर असतो, स्वतःची वर्कशॉप असतात, रस्त्यात गाडी बंद पडली तर फोन उचलायला माणूस असतो. पहिले सहा महिने याची किंमत फार मोठी आहे.

पण स्वतःचा धंदा करू पाहणाऱ्याला तिथे एक गोष्ट शिकायला मिळत नाही: भाडं कसं ठरतं. टॅब्लेटवर लोड येतो, तुम्ही तो स्वीकारता, भरलेला ट्रेलर जोडता आणि निघता. शिपरने (माल पाठवणाऱ्याने) किती पैसे दिले, ब्रोकर मध्ये होता का, परतीचा माल किती स्वस्तात उचलला, यातलं काहीच कळत नाही. वीस-पन्नास ट्रकच्या कंपनीत डिस्पॅचर (लोड वाटून देणारा) तुमच्या ओळखीचा असतो. शुक्रवारी दुपारी तो ब्रोकरशी कसा भाव करतो हे कानावर पडतं. मालकाने स्वतः कधीतरी ट्रक चालवलेला असतो आणि विचारलं तर तो सांगतो.

म्हणून माझा सल्ला असा: पहिलं वर्ष नीट ट्रेनिंग देणाऱ्या मोठ्या किंवा मध्यम कंपनीत, आणि दुसरं वर्ष, जमल्यास, लहान कंपनीत. एवढी एक बदली कुणाच्या डोळ्यात खुपत नाही.

कंपनी शाळेचा खर्च करते म्हणते. करार करावा का?

पैसे नसतील तर करावा, पण वाचून. ७ फेब्रुवारी २०२२ पासून सीडीएलच्या चाचणीआधी केंद्राच्या ट्रेनिंग प्रोव्हायडर रजिस्ट्रीत नाव असलेल्या संस्थेतच प्रशिक्षण घ्यावं लागतं, त्यामुळे शाळा टाळता येत नाही. करारात मी तीन जागा बघायला सांगतो. मुदतीआधी सोडलं तर सगळी रक्कम भरायची की जेवढे महिने काम केलं तेवढी वजा होते? कंपनीनेच काढून टाकलं तर काय? आणि त्या रकमेवर व्याज आहे का? यातलं काही तोंडी सांगत असतील तर लेखी मागा.

कम्युनिटी कॉलेजचा कोर्सही बघा. २०१४ च्या वर्कफोर्स इनोव्हेशन अँड ऑपॉर्च्युनिटी कायद्याखाली पात्र लोकांना अनेक राज्यांत फीसाठी मदत मिळते. स्वतःच्या बळावर शाळा झाली की कंपनी निवडायला तुम्ही मोकळे. आणखी एक छोटी गोष्ट: चाचणी ऑटोमॅटिक ट्रकवर दिली तर लायसन्सवर मॅन्युअल न चालवण्याची अट लागते. पुढे जुना, स्वस्त ट्रक घ्यायचा विचार असेल तर चाचणी मॅन्युअलवरच द्या.

ड्राय व्हॅन (बंद ट्रेलर), रीफर (माल थंड ठेवणारा ट्रेलर), फ्लॅटबेड (उघडा, सपाट ट्रेलर) यांपैकी काय निवडावं?

पुढे ज्या मालाचा धंदा करायचा आहे, त्याच मालाची कंपनी निवडा. हे उघड वाटतं, पण बहुतेक जण सही करताना मैलाचा दर बघतात आणि माल कुठला ते नंतर कळतं.

ड्राय व्हॅनमध्ये शिकणं सोपं, पण स्पर्धाही सगळ्यात जास्त. भाडी पडतात तेव्हा आधी इथे पडतात. रीफरमध्ये तापमानाची नोंद, माल नाकारला जाण्याची भीती, किराणा गोदामांबाहेर तासन् तास थांबणं आणि माल उतरवून घ्यायला लम्परचे (हमालांचे) पैसे हे सगळं येतं. स्वतःचा रीफर घेतलात तर ट्रकच्या इंजिनाशिवाय ट्रेलरवरचं दुसरं इंजिनही तुमच्याच खिशातून दुरुस्त होतं.

फ्लॅटबेडबद्दल मला आपुलकी आहे हे मान्य करतो. ताडपत्री आणि साखळ्या ओढून अंग दुखतं, हिवाळ्यात बोटं बधिर होतात, पण माणूस इथे खरंच कारागीर होतो. माल बांधायच्या साधनांची एकूण भारक्षमता मालाच्या वजनाच्या निम्म्याहून कमी चालत नाही हा नियम आहे. ४०,००० पौंडांची स्टीलची कॉइल समोर ठेवली की त्या आकड्याचा अर्थ हातांना कळतो. प्रत्येक साखळीचा ग्रेड बघायचा, कॉइलच्या डोळ्यातून (मधल्या भोकातून) साखळी कुठल्या कोनात घालायची ते ठरवायचं, निघाल्यावर पहिल्या ५० मैलांच्या आत थांबून पुन्हा ताण तपासायचा. हे कसब असलेला माणूस पुढे स्वतःची गाडी घेतो तेव्हा त्याच्याकडे बाजारात विकायला काहीतरी वेगळं असतं.

टँकर आणि हॅझमॅट (धोकादायक माल) नवख्याला क्वचितच मिळतात. पण त्यांची एंडोर्समेंट (लायसन्सवरची जादा परवानगी) लवकर काढून ठेवा. हॅझमॅटला टीएसएची (केंद्राच्या वाहतूक सुरक्षा खात्याची) पार्श्वभूमी तपासणी लागते आणि त्याला वेळ जातो.

पगार मैलावर घ्यावा की टक्क्यावर?

सुरुवातीला मैलावर. निवड असेल तर दुसऱ्या वर्षी टक्क्यावर, कारण टक्क्यावर काम करताना प्रत्येक लोडचं भाडं डोळ्यांसमोर येतं आणि हेच तर शिकायचं आहे.

मैलावर घेताना विचारा की मैल कुठले मोजता. काही कंपन्या जुन्या पद्धतीने एका पिन कोडपासून दुसऱ्यापर्यंतचं सर्वांत कमी अंतर धरतात. ट्रक ज्या रस्त्याने खरोखर जातो त्यापेक्षा ते कमी भरतं, आणि तेवढे मैल तुम्ही फुकट चालवता. रिकाम्या धावेचे पैसे मिळतात का, दोन तासांच्या पुढे डॉकवर थांबलं तर डिटेन्शनमधला (थांबण्याच्या भरपाईतला) तुमचा वाटा किती, गाडी वर्कशॉपमध्ये असेल त्या दिवसाचं काय, हेही विचारा.

आणि पर डीएम! काही कंपन्या पगाराचा एक भाग करमुक्त दैनंदिन भत्ता म्हणून देतात. हातात थोडे जास्त पैसे येतात म्हणून लोक खूश असतात. पण तेवढा भाग डब्ल्यू-२ वर (वर्षाच्या पगाराच्या फॉर्मवर) पगार म्हणून दिसत नाही. दोन वर्षांनी ट्रकच्या कर्जासाठी बँकेत गेलात की कागदावर तुमची कमाई कमी भरते. स्वतःचा ट्रक घ्यायचा असेल तर पर डीएम ऐच्छिक आहे का ते विचारा आणि शक्यतो नको म्हणा.

कंपनीच म्हणते, ‘डाउन पेमेंट नको, क्रेडिट चेक नको, लीज-पर्चेसवर ट्रक घ्या.’ हा जवळचा मार्ग नाही का?

लीज-पर्चेस म्हणजे कंपनीकडूनच ट्रक भाड्याने घेऊन, हप्ते भरत शेवटी तो स्वतःचा करायचा. हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, आणि माझं उत्तर नाही असंच आहे. पहिल्या कंपनीत तर मुळीच नाही.

समजा आठवड्याला २,५०० मैल झाले आणि कंपनी मैलामागे १.६० डॉलर देते. जमा ४,००० डॉलर. ट्रक गॅलनला ६.५ मैल देतो आणि डिझेल ३.८० डॉलर आहे असं धरलं तर डिझेलचे सुमारे १,४६० जातात. ट्रकचा हप्ता ९००, मेंटेनन्सचा फंड मैलाला १० सेंटने २५०, विमा १५०, ट्रेलरचं भाडं १००, ईएलडी (ड्रायव्हिंगचे तास नोंदवणारं यंत्र) आणि इतर ३०. उरतात साधारण १,११०, तेही कर भरायच्या आधी. त्याच २,५०० मैलांना ६० सेंटने कंपनी ड्रायव्हरला १,५०० मिळतात, आणि त्याच्या पगारावरच्या सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअरचा अर्धा भाग कंपनी भरते.

आता आठवडा वाईट गेला असं धरा, १,५०० मैलच झाले. जमा २,४००. डिझेलचे सुमारे ८८० आणि फंडाचे १५० गेले, पण हप्ता, विमा, ट्रेलर आणि ईएलडी जागचे हलत नाहीत. हातात १९० डॉलर. कंपनी ड्रायव्हरला त्याच आठवड्यात ९०० मिळतात. आणि किती मैल द्यायचे हे कोण ठरवतं? ज्यांनी तुम्हाला ट्रक लीजवर दिला तेच. ही मेख आहे. ट्रकचा मालक, लोड देणारा आणि तुमच्या हिशोबातून कपात करणारा एकच असेल तर तुमच्या हातात स्टिअरिंगशिवाय काही राहत नाही. मध्येच सोडलं तर ट्रक त्यांचा, भरलेले हप्ते त्यांचे, आणि पुष्कळदा फंडातली रक्कमही अडकते.

२०२१ च्या पायाभूत सुविधा कायद्याने या व्यवहारांचा अभ्यास करायला केंद्रीय ट्रुथ-इन-लीजिंग टास्क फोर्स नेमला गेला. त्याने जानेवारी २०२५ मध्ये अहवाल दिला आणि असे लीज-पर्चेस कार्यक्रम कायद्याने बंदच करावेत अशी शिफारस काँग्रेसला (अमेरिकेच्या संसदेला) केली. सुधारणा सुचवून न थांबता थेट बंदी मागितली, यावरून काय ते समजा.

ट्रक घ्यायचाच तर बँकेकडून किंवा क्रेडिट युनियनकडून कर्ज काढून, कंपनीशी संबंध नसलेल्या विक्रेत्याकडून घ्या. म्हणजे कंपनी सोडली तरी ट्रक तुमच्याबरोबर येतो.

कंपनीचा ट्रक, पण पगार १०९९ फॉर्मवर, म्हणजे स्वतंत्र व्यावसायिक म्हणून. चालेल का?

नको. ट्रक त्यांचा, लोड त्यांचा, वेळापत्रक त्यांचं आणि तुम्ही कागदावर ‘स्वतंत्र व्यावसायिक’ हे गणित बसत नाही. १५.३ टक्के सेल्फ-एम्प्लॉयमेंट टॅक्स तुमच्या डोक्यावर येतो, जखमी झालात तर वर्कर्स कॉम्पेन्सेशन नाही, नोकरी गेली तर बेकारी भत्ता नाही. स्वयंरोजगाराची ही सुरुवात नव्हे.

कंपनी खरी कशी आहे हे कुठे बघायचं?

केंद्राच्या सेफर या वेबसाइटवर कंपनीचा डॉट नंबर (केंद्राकडचा नोंदणी क्रमांक) टाका. ट्रक किती, ड्रायव्हर किती, गेल्या २४ महिन्यांत तपासण्या आणि अपघात किती, आणि तपासणीत किती टक्के गाड्या जागेवर थांबवल्या, हे सगळं तिथे दिसतं. राष्ट्रीय सरासरी शेजारीच दिलेली असते. थांबवलेल्या गाड्यांचा टक्का सरासरीच्या बराच वर असेल तर देखभालीत कसूर आहे. ब्रेक नीट नसलेल्या गाडीचं तिकीट तुमच्या नावावरही चढतं, कारण पीएसपी अहवालात (ड्रायव्हरच्या केंद्राकडच्या नोंदींच्या अहवालात) तुमच्या ३ वर्षांच्या तपासण्या आणि ५ वर्षांचे अपघात राहतात. तो अहवाल उद्या नवी कंपनी तुम्हाला घेण्याआधी बघू शकते.

मग ट्रक स्टॉपवर त्या कंपनीचा ड्रायव्हर दिसला तर बोला. ‘कंपनी कशी आहे?’ विचारलं तर तो तोंडदेखलं काहीतरी सांगेल. ‘गेल्या आठवड्यात किती मैल झाले, आणि मागच्या वेळी घरी ठरलेल्या दिवशी पोचलास का?’ असं विचारा.

कंपनीची आर्थिक तब्येतही बघा. डिसेंबर २०१९ मध्ये सेलॅडन दिवाळखोरीत गेली तेव्हा तिचे ड्रायव्हर घरापासून दूर अडकले होते, कारण डिझेलची कार्डं चालेनात. पगार उशिरा होणं, टायरसाठी हो-नाही करणं या आधीच्या खुणा.

भरतीवाल्याला काय विचारावं?

भरतीवाला गोड बोलणारच, ते त्याचं काम. त्याच्याकडून आकडे घ्या आणि ईमेलवर घ्या. ट्रेनरबरोबर किती आठवडे, आणि तेव्हा ट्रेनर जागा असतो की मागे झोपलेला? लोड नाकारता येतो का, नाकारला तर काय होतं? पहिल्या वर्षाच्या ड्रायव्हरचे सरासरी मैल किती? मग शेवटी हे विचारा: ‘दोन वर्षांनी मी स्वतःचा ट्रक आणला तर तुमच्याकडे लावता येईल का, आणि त्या कराराचा नमुना आज बघायला मिळेल का?’ जी कंपनी नमुना दाखवते तिच्याकडे लपवण्यासारखं कमी असतं.

त्या करारात काय बघायचं?

स्वतःचा ट्रक, पण अथॉरिटी आणि विमा कंपनीचा, ही नोकरी आणि पूर्ण स्वतंत्र धंदा यांच्यामधली चांगली पायरी आहे. तिच्यासाठी केंद्राचे ट्रुथ-इन-लीजिंग नियम आहेत. पोहोचवल्याचे कागद दिल्यापासून १५ दिवसांत पैसे मिळाले पाहिजेत. टक्क्यावर असाल तर भाड्याच्या बिलाची प्रत मिळाली पाहिजे. प्रत्येक कपात करारात लिहिलेली असली पाहिजे. त्यांच्याचकडून टायर, डिझेल किंवा विमा घ्या अशी सक्ती चालत नाही. एस्क्रोवर (कंपनीकडे ठेवलेल्या अनामत रकमेवर) व्याज द्यावं लागतं, आणि करार संपल्यावर ४५ दिवसांच्या आत शिल्लक परत करावी लागते. हे हक्क तोंडपाठ असू द्या.

कॅलिफोर्नियात राहत असाल तर एबी-५ या राज्याच्या कायद्यामुळे (तो काम करणाऱ्याला स्वतंत्र व्यावसायिक मानणं अवघड करतो) ही पायरी फार अवघड झाली आहे. तो २०२० पासून लागू आहे आणि २०२२ च्या जूनअखेर सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकायला नकार दिल्यावर ट्रकिंगलाही लागला. तिथे आधी वकिलाशी बोला.

इंग्रजी कच्चं आहे, किंवा ग्रीन कार्ड नाही. काय करावं?

इंग्रजीवर आजच मेहनत घ्या. २५ जून २०२५ पासून रस्त्यावरच्या तपासणीत इंग्रजी अपुरं आढळलं तर ड्रायव्हरला जागेवरच थांबवतात. पाट्यांचे अर्थ आणि इन्स्पेक्टरचे नेहमीचे प्रश्न यांचा मोठ्याने सराव करा. वर्क परमिटवर असाल तर शाळेची फी भरण्याआधी राज्याच्या लायसन्स कार्यालयात चौकशी करा. नॉन-डोमिसाइल्ड सीडीएलवर (ग्रीन कार्ड नसलेल्या परदेशी लोकांना मिळणाऱ्या) केंद्राने सप्टेंबर २०२५ मध्ये कडक बंधनं आणली आणि तो वाद न्यायालयात गेला.

नोकरी करता करता धंद्याची तयारी कशी करायची?

कंपनीचा ट्रक तुमचाच आहे असं धरून वही ठेवा. रोज मैल, त्यातले रिकामे किती, डिझेल किती गॅलन आणि कुठल्या राज्यात, थांबण्यात गेलेले तास, आणि गाडी वर्कशॉपमध्ये गेली तर काय बदललं. मेकॅनिकला बिलाचा अंदाज विचारा, बहुतेक जण सांगतात. डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) आणि सेन्सरची कामं कितीला पडतात हे सहा महिन्यांत कळेल, आणि वापरलेला ट्रक बघायला जाल तेव्हा कुठे हात लावायचा तेही.

तुलनेला एक आकडा: अमेरिकन ट्रान्सपोर्टेशन रिसर्च इन्स्टिट्यूटने २०२३ साठी ट्रक चालवण्याचा सरासरी खर्च ड्रायव्हरच्या पगारासह मैलाला २.२७ डॉलर काढला होता. तुमच्या वहीतला खर्च त्याच्या किती खाली राहील, आणि तुमच्या मार्गावर भाडं किती मिळतं, हे जुळलं तरच ट्रक घ्या. २०२१ मध्ये भाडी चढलेली बघून अनेकांनी चढ्या किमतीला ट्रक घेतले, आणि २०२२ पासून भाडी उतरली तेव्हा हप्ते मात्र तेच राहिले.

बाजूला पैसे टाका. ट्रकचं डाउन पेमेंट वेगळं, दुरुस्तीसाठी वेगळे, आणि तीन महिन्यांचा घरखर्च वेगळा. या तिसऱ्या डब्याला हात लावून ट्रक घेणाऱ्यांची मला मनापासून काळजी वाटते, कारण पहिलं मोठं बिल बहुधा पहिल्याच हिवाळ्यात येतं.

पहिली कंपनी सोडताना काय काळजी घ्यावी?

दोन आठवडे आधी लेखी कळवा. कितीही राग आला तरी ट्रक रस्त्यात किंवा ट्रक स्टॉपवर सोडून जाऊ नका. ती नोंद डॅक रिपोर्टमध्ये (ड्रायव्हरच्या जुन्या नोकऱ्यांच्या खासगी अहवालात) जाते आणि वर्षानुवर्षं नडते. ट्रक त्यांच्याच टर्मिनलवर आणा, आतून झाडून घ्या, चारही बाजूंनी, टायरचे आणि मायलेजचे फोटो काढा, चाव्या आणि डिझेल कार्ड दिल्याची सही घ्या. महिन्याभराने डॅक आणि पीएसपी अहवाल मागवून तपासा. चुकीची नोंद दिसली तर त्याच आठवड्यात हरकत नोंदवा, फोटो आणि सहीचा कागद सोबत जोडून.